डिचोलीचं घर आणि सात सह्या

घर गोव्यातल्या डिचोली शहराला लागून असलेल्या एका गावातलं. बैठं, मंगलोरी कौलांचं, पुढे तुळशीवृंदावन, मागे विहीर, सगळी जागा अडीचशे चौरस मीटरच्या आसपास. किंमत ठरली ६४ लाख. घेणारं जोडपं पुण्याचं. नवऱ्याची बदली डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत झालेली, बायको घरून काम करणारी. कर्ज पुण्यातल्याच शाखेतून, कारण पगाराचं खातं तिथे. गृहकर्जाच्या फायली चाळण्यात माझी नोकरी गेली, म्हणून कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कायदा आणि हिशेब मात्र जसाच्या तसा आहे.

विकणारं कुटुंब साधं. ज्यांच्या नावावर घर ते वडील २०१८ मध्ये वारले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मागे आई, थोरला मुलगा, सावंतवाडीला दिलेली मुलगी, आणि धाकटा मुलगा जहाजावर नोकरीला. तिन्ही मुलांची लग्नं झालेली. भांडण कुणाचं कुणाशी नाही. दलाल सांगत होता, "फॅमिली एकदम क्लीन आहे, पाच लाख टोकन द्या आणि मोकळे व्हा."

चार सह्यांचा मसुदा

कोथरूडचा फ्लॅट घेताना ज्या वकीलसाहेबांनी काम पाहिलं होतं, त्यांच्याकडेच जोडपं आधी गेलं. माणूस नेटका. इंडेक्स टू, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा शेअर दाखला, मानीव अभिहस्तांतरण झालंय की नाही, हे सगळं डोळ्यांत तेल घालून बघणारे. फी बारा हजार सांगितली. कागद ईमेलवर मागवले आणि आठवड्याभरात साठेखताचा, म्हणजे खरेदीखताआधीच्या कराराचा, मसुदा तयार केला.

त्यात विक्रेते चार: आई आणि तीन मुलं. हिंदू वारसा कायदा १९५६, कलम ८. पुरुष मृत्युपत्राविना गेला तर विधवा, मुलगे आणि मुली पहिल्या वर्गाचे वारस, सगळ्यांना सारखा हिस्सा. ६४ लाख भागिले चार, प्रत्येकी १६ लाख. घर पुण्यात असतं आणि कुटुंब पुण्याचं असतं, तर या मसुद्यात खोट काढायला मलाही कष्ट पडले असते.

पण हिंदू वारसा कायदा गोव्यातल्या हिंदूंना लागूच नाही. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, १९६२ च्या प्रशासन कायद्याने तिथले जुने कायदे बदलेपर्यंत चालू ठेवले, आणि १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता घरगुती बाबतीत टिकून राहिली. वारसाहक्काचा भाग आता गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आहे. २०१२ चा हा वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कायदा प्रत्यक्षात २२ सप्टेंबर २०१६ पासून लागू झाला. गाभा मात्र जुनाच. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर लग्न होताच नवराबायकोची मालमत्ता एक होते आणि दोघांचा त्यात निम्मा-निम्मा वाटा असतो. एकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला स्थावर विकता येत नाही.

या नियमाने हिशेब पुन्हा मांडला की चित्र पालटतं. आई मुलांच्या रांगेतली वारस नाही, कारण निम्मं घर आधीपासून तिचंच आहे. वडिलांचा म्हणून जो निम्मा भाग उरला, तो तीन मुलांचा. म्हणजे आईचे ३२ लाख आणि मुलांचे प्रत्येकी १० लाख ६६ हजार आणि काही रुपये. शिवाय मुलांना मिळालेला भाग त्यांच्या त्यांच्या संसाराच्या सामाईक मालमत्तेत गेला. तेव्हा दोन सुना आणि एक जावई यांच्याही सह्या हव्यात. चार नाहीत, सात. आणि पुण्याच्या मसुद्याप्रमाणे धनादेश निघाले असते तर आईला तिच्या हक्काच्या निम्मेच पैसे मिळाले असते.

यात पुण्याच्या वकिलांनी बेकायदा काही केलं नव्हतं. महाराष्ट्र आणि गोव्याची बार कौन्सिल एकच, उच्च न्यायालयही एकच, त्याचं खंडपीठ पर्वरीला. त्यांची सनद डिचोलीत चालते. विषय चालत नाही, एवढंच. आणि उलट बाजूनेही हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: गोव्याचा रहिवासी माणूस गोव्याबाहेर मालमत्ता ठेवून वारला, तर तिथेही वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये सांगितलं आहे. डिचोलीतल्या कुणाचा कोथरूडमध्ये फ्लॅट असला, तर कोथरूडच्या वकिलालाही हा हिशेब यावा लागतो.

चार वकील

दलालाने एक वकील सुचवला होताच. "आपलाच माणूस, सगळे व्यवहार तोच करतो, फी विक्रेत्याकडून घेतो, तुम्हाला फुकट." त्याच वकिलाने या कुटुंबाचे जुने कागद केले होते. छापील साठेखतात टोकन कुठल्याही कारणाने परत मिळणार नाही असं कलम होतं. बँकेने कर्ज नाकारलं तरी नाही. जोडप्याला ते कलम खटकलं नाही, "सगळीकडे असंच असतं" यावर त्यांचा विश्वास बसला होता. मला कलमापेक्षा फुकटाची जास्त काळजी वाटली. ज्याचे पैसे दुसऱ्याच्या खिशातून येतात, तो अडचण दिसली तर कुणाला आधी फोन करणार?

दुसरा पर्याय बँकेच्या पॅनेलवरचा वकील. इथे लोकांचा फार गोंधळ होतो. लीगल चार्जेस म्हणून फी आपल्याकडून कापतात, त्यामुळे वाटतं की हा आपला वकील. तो बँकेचा. त्याला एवढंच बघायचं असतं की हप्ते थकले तर हे घर विकून बँकेचे पैसे निघतील का. टोकन परत मिळण्याची अट आहे का, ताबा उशिरा मिळाला तर काय, मागच्या विहिरीवर शेजाऱ्याचा हक्क आहे का, हे त्याच्या कामात येत नाही. त्याचा अहवाल बँकेकडे जातो आणि कर्जदाराच्या हाती बहुधा पडतही नाही. शिवाय तो येतो उशिरा, कर्जाचा अर्ज आत गेल्यावर. टोकन तोवर देऊन झालेलं असतं.

मग डिचोली-म्हापसा भागातलेच दोन वकील शोधले. इंटरनेटवर शोधण्यात अर्थ नव्हता. वकिलाने जाहिरात करू नये असा बार कौन्सिलचा नियम आहे, तेव्हा जो सगळ्यात वर दिसतो तो सगळ्यात चांगला असं मानायला आधार नाही. नवऱ्याने कारखान्यातल्या अशा सहकाऱ्यांना विचारलं ज्यांनी गेल्या काही वर्षांत कर्ज काढून जुनं घर घेतलं होतं. बिल्डरचा नवा फ्लॅट घेतलेल्यांना मुद्दाम सोडलं. तिथे कागद बिल्डरने तयार ठेवलेले असतात, वकिलाचा कस लागत नाही.

पहिले वकील कोर्टात नाव असलेले, पण ते फौजदारीत आणि घटस्फोटाच्या दाव्यांत. त्यांनी किंमत विचारली, तिच्यावर टक्केवारीने फी सांगितली, ती खरेदीखत झाल्यावरच द्यायची, आणि म्हणाले, "होतं सगळं, काळजी नको." व्यवहार झाला तरच पैसे, अशी बोली ऐकायला सोयीची असते. पण मग "हा व्यवहार करू नका" असं सांगण्यात वकिलाचंच नुकसान असतं.

"जांवयाची सय जाय"

दुसऱ्या वकीलबाई. ऑफिस म्हणजे बाजारातल्या जुन्या इमारतीतली एक खोली, कपाटात सब-रजिस्ट्रारच्या शोधाच्या नोंदवह्या. त्यांनी किंमत शेवटी विचारली. पहिला प्रश्न: वडील कोणत्या साली गेले? (कारण २२ सप्टेंबर २०१६ च्या आधी गेले असते तर जुनी संहिता, नंतर गेले तर नवा कायदा.) दुसरा: त्यांचं लग्न सिव्हिल रजिस्टरमध्ये नोंदलं होतं का, आणि लग्नाआधी करार होता का? तिसरा: मुलांची लग्नं कुठे लागली, कुठे नोंदली? जोडप्याने पुण्याचा मसुदा पुढे केला. बाईंनी विक्रेत्यांची नावं बोटाने मोजली आणि कोकणीत म्हणाल्या, "जांवयाची सय जाय." जावयाची सही हवी.

माझ्या मते वकील तिथेच निवडला गेला. फी पस्तीस हजार, पुण्याच्या जवळजवळ तिप्पट. तरीही.

जोडप्याला पटेना. जावई सासऱ्याच्या घराचा विक्रेता कसा? बाईंनी वाद घातला नाही. वडिलांनी हे घर ज्या दस्ताने घेतलं तो १९८३ चा दस्त काढला आणि शेवटचं पान उलटून दाखवलं. विकणाऱ्याची देवनागरीतली वळणदार सही, आणि तिच्याखाली त्याच्या बायकोच्या डाव्या अंगठ्याचा फिकट निळा ठसा. घर होतं नवऱ्याला त्याच्या वडिलांकडून आलेलं. बायकोला सही करता येत नव्हती, पण तिच्याशिवाय दस्त झाला नव्हता.

सावंतवाडीच्या जावयाचा प्रश्न थोडा वेगळा. त्यांचं लग्न महाराष्ट्रात लागलेलं, महाराष्ट्रात नोंदलेलं. सामाईक मालमत्तेचा नियम त्यांना लागतो की नाही यावर दोन वकील तासभर भांडू शकतील. बाईंचं म्हणणं व्यवहारी होतं: तो वाद आपल्या खर्चाने जिंकण्यापेक्षा सही घेतलेली बरी, कारण उद्या हे घर विकायला काढलं की पुढच्या खरेदीदाराचा वकील हाच प्रश्न विचारणार. जावई आधी बिथरले. "सासऱ्याच्या घराशी माझा काय संबंध? उद्या इन्कम टॅक्सवाले माझ्या दारात आले तर?" त्यांना बोलावून मसुदा वाचून दाखवला, तेव्हा शांत झाले.

मग बाईंनी ज्या गोष्टी काढल्या त्या दुरून दिसणाऱ्या नव्हत्याच. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्याच्या सातबाऱ्यावर म्हणा, आई आणि दोन मुलग्यांची नावं चढलेली होती. मुलीचं नाव नव्हतं. कुटुंबाच्या लेखी वारसा तिथेच संपला होता. पण उतारा मालकी देत नाही, आणि गोव्यात वारस कोण हे ठरवायला सक्सेशन डीड लागतं. ते विशेष नोटरीपुढे होतं. हा नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर शिक्का घेऊन बसणारा नव्हे, तालुक्याचे सिव्हिल रजिस्ट्रार-कम-सब-रजिस्ट्रारच. वारसांत वाद असता तर दिवाणी कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी ठरवण्याची कारवाई, करावी लागली असती, आणि मग हे घर कर्जाने घेण्याचा नाद सोडा असंच मी म्हटलं असतं. इथे एकमत होतं, म्हणून डीडवर भागलं. जन्म, मृत्यू आणि लग्नाचे दाखले गोळा करण्यातच बराच वेळ गेला.

उताऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात एक अनोळखी नाव होतं. मुंडकार. दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधून राहणाऱ्याला १९७५ च्या कायद्याने संरक्षण आहे आणि घराखालची जागा विकत घेण्याचा हक्कही. पुण्याच्या मसुद्यात हा रकाना वाचल्याची खूण नव्हती. बाई मामलतदार कचेरीत जाऊन नोंद पाहून आल्या, मग स्वतः जागेवर गेल्या. मुंडकाराचं घर त्याच सर्व्हे नंबरात होतं, पण विकल्या जाणाऱ्या तुकड्याच्या हद्दीबाहेर. नकाशावर हद्द आखून तो नकाशा दस्ताला जोडायचं ठरलं.

जुन्या दस्तांच्या शोधाच्या बाबतीत बँकांना साधारण तीस वर्षं पुरतात. तीस वर्षं मागे गेलं तर १९८३ चा दस्तही बाहेर राहतो. बाई त्याच्याही मागे गेल्या, कारण त्या दस्तात जागेचं वर्णन पोर्तुगीज काळच्या लँड रजिस्ट्रेशनच्या आणि मात्रिजच्या, म्हणजे महसुली नोंदवहीच्या, नंबरांनी केलं होतं. ते नंबर आणि आजचा सर्व्हे नंबर एकाच जागेचे आहेत हे दाखवावं लागतं. २०२२ मध्ये जमिनी बळकावल्याच्या प्रकरणांसाठी गोवा सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. जुन्या दस्तांच्या बनावट प्रती हा त्यातला मोठा भाग. तेव्हापासून सावध वकील प्रमाणित नकलेवर विसंबत नाहीत, मूळ वही उघडून पान ताडून बघतात. पुण्यात बसून हे होत नाही.

बँकेची बाजू

पुण्याच्या शाखेने फाइल शेवटी गोव्यातल्या शाखेकडेच पाठवली, तिथल्या पॅनेल वकिलाकडे. म्हणजे बँकेने आपल्यापुरता स्थानिक वकील मुकाट्याने गाठला होता! त्याचा अहवाल आला: सर्व वारस आणि त्यांचे पती-पत्नी दस्तात सामील होत असतील तर मालकी हक्क निर्वेध. जोडप्याने चार सह्यांच्या मसुद्यावर पाच लाख देऊन ठेवले असते, तर हे वाक्य त्यांना टोकन अडकल्यावर कळलं असतं.

कर्जाचं गणित सरळ होतं. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ५१ लाख २० हजार. उरलेले १२ लाख ८० हजार पदरचे. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च त्यावर वेगळा, तो बँक किमतीत धरत नाही. बाईंच्या साठेखतात टोकन एक लाखावर आलं, आणि मालकी हक्कातल्या दोषामुळे कर्ज नाकारलं गेलं तर ते परत, असं कलम पडलं. दलाल चिडला. थोरल्या मुलाने मात्र लगेच मान्य केलं.

थोरला अडला तो दुसऱ्या ठिकाणी. आईला ३२ लाख हे त्याला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. चौघांना सारखं मिळणार या हिशेबावर त्याने दुकानाचं देणं फेडायचं ठरवलं होतं. आईने स्वखुशीने मुलांना काही द्यायला हरकत नाही, पण ते तिने नंतर, तिच्या खात्यातून, तिच्या सहीने. खरेदीखतात रक्कम कायद्याने जिची तिची. हे बाईंनी ठणकावून सांगितलं, आणि खरं तर ते विक्रेत्याच्या वकिलाचं काम होतं. पण त्यात खरेदीदाराचाही स्वार्थ होताच. आईने पुढे कधी तक्रार केली, तर उत्तर या घरात राहणाऱ्यांना द्यावं लागलं असतं.

टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या आयकराचा, गुंता निघाला तो धाकट्यामुळे. घराची किंमत ५० लाखांच्या वर असेल तर खरेदीदाराने १ टक्का कापायचा. ऑक्टोबर २०२४ पासून विक्रेते अनेक असले तरी मर्यादा एकूण किमतीवर मोजतात, तेव्हा "प्रत्येकाचा हिस्सा पन्नासच्या आत आहे" ही पळवाट उरली नाही. पण हा १ टक्का रहिवासी विक्रेत्यांसाठी. जहाजावरचा माणूस वर्षाचा बराच काळ देशाबाहेर, तो अनिवासी ठरला तर कपातीचा दर आणि रीत दोन्ही वेगळी, आणि कापली नाही तर भुर्दंड खरेदीदाराला. भरीला, सामाईक मालमत्तेच्या जोडप्यांचं असं उत्पन्न नवराबायकोत निम्मं विभागायचं, असं आयकर कायदा सांगतो. इथे वकीलबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "हे माझं काम नव्हे, सीएकडे जा." आपलं काम कुठे संपतं हे सांगणारा वकील मला नेहमीच जास्त भरवशाचा वाटतो.

चवथीनंतर

धाकट्याने जहाजावर जाताना बायकोला मुखत्यारपत्र करून दिलं होतं. दलालाला ते पुरेसं वाटलं. बाईंनी वाचलं: बँक, घरपट्टी, विजेचं बिल. विक्रीचा अधिकार कुठेही नाही. परदेशातल्या एखाद्या बंदरात भारतीय वकिलातीत जाऊन नवं मुखत्यारपत्र करायचं, ते इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यायचं, हा मार्ग होता. पण जहाज कुठल्या बंदरात किती तास थांबणार हे त्यालाच माहीत नव्हतं. शेवटी तो चवथीला घरी येणार होता तोवर थांबायचं ठरलं. कर्जाच्या मंजुरीची मुदत संपत आली होती, ती वाढवून घेतली. मधल्या काळात दलालाने दुसरं गिऱ्हाईक आहे असं दोनदा सुचवलं. ते प्रत्यक्षात कधी दिसलं नाही.

गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात डिचोलीच्या सब-रजिस्ट्रार कचेरीत सात विक्रेते, दोन खरेदीदार, बँकेचा माणूस आणि साक्षीदार अशी गर्दी झाली. जावई सावंतवाडीहून सकाळच्या बसने आले. धनादेश हिश्श्याप्रमाणे वेगवेगळे. दस्तात विक्रेत्यांच्या प्रत्येक जोडीच्या लग्नाची आणि मालमत्तेच्या पद्धतीची नोंद, आणि खरेदीदार पुण्याचे, त्यांना सामाईक मालमत्तेचा नियम लागू नाही, असं एक वाक्य त्यांच्यासाठीही. मूळ दस्त त्याच दिवशी बँकेच्या ताब्यात गेले, त्यांची पोच यादीसकट घेतली. २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत हे कागद परत द्यावे लागतात, उशीर झाला तर दिवसाला पाच हजार. पण नेमकं काय दिलं होतं ते यादीशिवाय कसं सांगणार?

जोडप्याला थांबण्याचा खर्च आलाच: डिचोलीतल्या भाड्याच्या खोल्या, पुण्यातलं भाडं, सीएची फी, दोन दैनिकांतली जाहीर नोटीस. पस्तीस हजारांपैकी शेवटचा हप्ता एक-चौदाच्या उताऱ्यावर त्यांची नावं चढल्यावर द्यायचा, असं पहिल्याच दिवशी कागदावर ठरलं होतं. बऱ्याच वकिलांच्या लेखी खरेदीखत नोंदलं की काम संपतं आणि फेरफार खरेदीदार स्वतःच हिंडून करतो. इथे अर्ज बाईंनीच दिला. हे लिहितो आहे तेव्हा मामलतदार कचेरीतून हरकतीसाठीच्या नोटिसा निघाल्या आहेत, त्यातली एक सावंतवाडीच्या पत्त्यावर पोचायची राहिली आहे.